बाळ अंगावर पीत असतानाच पुन्हा दिवस गेले आहेत. पाजणे चालू ठेवावे का?

प्रश्नकर्ती

सर्वांना नमस्कार. माझी मुलगी पाच महिन्यांची आहे आणि जन्मापासून आजवर ती निव्वळ माझ्या दुधावर वाढली आहे. बाळंतपणानंतर मला एकदाही पाळी आलेली नव्हती. त्यामुळे तीन आठवड्यांपूर्वी स्तनाग्रे इतकी हुळहुळी झाली की तिने तोंड लावताच माझ्या डोळ्यांत पाणी यावे, तेव्हाही तिच्या हिरड्या शिवशिवत असतील एवढेच मला वाटले. पुढे सकाळी मळमळू लागले म्हणून घरी चाचणी केली आणि मागील आठवड्यात सोनोग्राफीत नऊ आठवड्यांचा गर्भ दिसला. हृदयाचे ठोके व्यवस्थित आहेत. माझे पहिले बाळंतपण नैसर्गिक झाले होते, दिवस पूर्ण भरले होते, आणि या वेळी आतापर्यंत रक्तस्राव किंवा पोटदुखी असे काहीही झालेले नाही.

हे मूल आम्हाला हवे आहे, फक्त ते इतक्या लवकर येईल अशी कल्पना नव्हती. तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी "आजपासून अंगावर पाजणे बंद करा" असे सांगितले आणि कारण विचारल्यावर "गर्भाला धोका असतो" एवढेच उत्तर दिले. कोणी म्हणते की गरोदर बाईचे दूध बाळाला बाधते, तर माझी एक मैत्रीण नववा महिना लागेपर्यंत पाजत होती आणि तिची दोन्ही मुले सुदृढ आहेत. मुलगी बाटली तोंडात धरतही नाही, त्यामुळे "आजपासून बंद" म्हणजे नेमके काय करायचे हेच मला समजत नाही.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. तिच्या चोखण्याने गर्भपात होऊ शकतो का? माझ्या दुधात तिला अपाय होईल असे काही उतरते का? आणि तिला अजून सहा महिनेही पूर्ण झालेले नसताना हे दूध तिला पुरेल का? ज्यांना अनुभव किंवा माहिती आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

स्तनपान सल्लागार

ताई, तुमच्या पहिल्या दोन प्रश्नांची चिंता सगळेच करतात, परंतु तुमच्या बाबतीत खरे लक्ष तिसऱ्या प्रश्नाकडे द्यावे लागणार आहे. तरीही क्रमाने लिहिते.

बाळ चोखू लागले की आईच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन हे संप्रेरक स्रवते. त्याने पान्हा फुटतो आणि गर्भाशयाचे स्नायूही किंचित आकुंचन पावतात. बाळंतपणानंतरच्या पहिल्या दिवसांत पाजताना पोटात कळा येत होत्या, त्या याच कारणाने. भीतीचे मूळही इथेच आहे. मात्र गर्भधारणेच्या सुरुवातीच्या महिन्यांत गर्भाशयावर ऑक्सिटोसिनला प्रतिसाद देणारे ग्राहक (म्हणजे संप्रेरक ज्यांना जोडले जाते ते पेशींवरील घटक) फार थोडे असतात आणि प्रोजेस्टेरॉन हे दुसरे संप्रेरक गर्भाशयाला शांत ठेवते. हे ग्राहक मोठ्या संख्येने वाढतात ते दिवस भरत आल्यावर. म्हणूनच प्रकृती निकोप असलेल्या आणि एकच गर्भ असलेल्या स्त्रियांमध्ये अंगावर पाजल्यामुळे अपुऱ्या दिवसांची प्रसूती वाढते असे अभ्यासांत दिसून आलेले नाही. शारीरिक संबंधांच्या वेळीही हेच संप्रेरक स्रवते. ज्या गरोदर स्त्रीला डॉक्टरांनी शारीरिक संबंध टाळण्यास सांगितलेले नाही, तिला सहसा पाजणे थांबवण्याचेही कारण नसते.

गर्भपाताबद्दल मात्र तुमच्यापासून काही लपवून ठेवणे योग्य होणार नाही. बहुतेक अभ्यासांत पाजण्याचा आणि गर्भपाताचा संबंध आढळलेला नाही आणि पहिल्या तिमाहीतील गर्भपातांपैकी निम्मे किंवा त्याहूनही अधिक गर्भाच्या गुणसूत्रांतील दोषांमुळे होतात, ज्यावर आईच्या कोणत्याही कृतीचा परिणाम होत नाही. परंतु २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, आधीचे बाळ पूर्णपणे आईच्याच दुधावर असताना राहिलेल्या गर्भांमध्ये गर्भपाताचे प्रमाण अधिक दिसले. बाळाला दुधाच्या जोडीला इतर आहारही चालू असेल, तर असा फरक दिसला नाही. तो अभ्यास स्त्रियांनी दिलेल्या माहितीवर आधारलेला होता, त्यामुळे पाजणे हेच कारण होते असे त्यावरून म्हणता येत नाही. नऊ आठवड्यांना ठोके दिसले आहेत, ही तुमच्या बाजूची मोठी गोष्ट आहे. तरीही हा मुद्दा डॉक्टरांपुढे जरूर मांडा.

पुढीलपैकी काही लागू असेल तर मी स्वतः पाजण्याचा आग्रह धरणार नाही: पूर्वी अपुऱ्या दिवसांची प्रसूती झालेली असणे, जुळी किंवा तिळी असणे, गर्भाशयाचे मुख सैल असल्याने टाका घातलेला असणे, वार (गर्भाला पोसणारा, नाळेने जोडलेला अवयव) गर्भाशयात खाली असणे, रक्तस्राव होत असणे, किंवा आईचे वजन वाढण्याऐवजी घटत असणे. तुम्ही दिलेल्या माहितीत यांपैकी काहीच नाही. म्हणून डॉक्टरांना पुन्हा भेटा आणि "गर्भाला धोका असतो का" असे न विचारता "माझ्या तपासणीत असे काय आहे ज्यामुळे मला धोका आहे" असे विचारा. त्यांना खरोखर काही दिसले असेल तर ते सांगतील, आणि मग त्यांचेच ऐकायला हवे. पाजताना पोटात ताण जाणवला तर बाळाला बाजूला घ्या, पाणी प्या आणि डाव्या कुशीवर पडून राहा. ताण थांबला नाही, नियमित कळा येऊ लागल्या, रक्त दिसले किंवा पाणी गेले, तर वाट न पाहता रुग्णालयात जा.

दूध बाधत नाही. गर्भधारणेतील संप्रेरके दुधात अगदी अल्प प्रमाणात उतरतात आणि त्यांनी बाळाला अपाय होत नाही. दुधात बदल मात्र होतो. त्यातील सोडियम वाढते, साखर कमी होते, चव खारट लागू लागते आणि पुढे त्याचे रूपांतर चिकात, म्हणजे नवजात बाळासाठीच्या पहिल्या घट्ट दुधात, होते. चिकामुळे बाळाला काही दिवस पातळ शी होऊ शकते, तो आजार नव्हे. मळमळीसाठी गोळी घेणार असाल तर "मी पाच महिन्यांच्या बाळाला पाजते" हे डॉक्टरांना आठवणीने सांगा, कारण त्यांपैकी काही गोळ्यांत गुंगी आणणारा घटक असतो आणि त्याने लहान बाळही सुस्त होऊ शकते.

आता तिसरा प्रश्न. गर्भधारणेतील इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन दूध तयार होण्याला आडकाठी करतात. चौथ्या-पाचव्या महिन्याच्या सुमारास बहुतेक स्त्रियांचे दूध लक्षणीय घटते आणि काहींचे त्याच्याही आधी घटू लागते. एरवी आपण सांगतो की बाळाला जास्त वेळा पाजले म्हणजे दूध वाढते, परंतु हा उपाय इथे चालत नाही. वारंवार पाजून, पंपाने काढून किंवा कोणतेही औषध घेऊन हे घटणे थांबवता येत नाही, कारण संप्रेरकांचा आदेशच वेगळा असतो. दीड-दोन वर्षांचे मूल असेल तर ते इतर आहारावर निभावून नेते. तुमची मुलगी मात्र आज पूर्णपणे दुधावर आहे आणि वर्षभराची होईपर्यंत दूध हाच तिच्या आहाराचा मोठा भाग राहणार आहे. म्हणून "पाजू की नको" यापेक्षा "तिला पुरते आहे हे मी कसे ओळखणार" हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

दर आठवड्याला किंवा निदान पंधरा दिवसांनी, शक्यतो एकाच काट्यावर आणि कपड्यांविना तिचे वजन करा. पाचव्या-सहाव्या महिन्यात मुलींचे वजन दरमहा साधारण ४०० ते ५०० ग्रॅम वाढते आणि त्यानंतर हा वेग आपोआप थोडा मंदावतो, त्यामुळे एका आकड्याने घाबरून न जाता वाढीच्या तक्त्यावरील रेषा पाहा. ती रेषा सपाट होऊ लागली, चोवीस तासांत सहापेक्षा कमी लंगोट ओले होऊ लागले, लघवी गडद दिसू लागली, किंवा पाजूनही बाळ समाधानी न होता सतत किरकिर करू लागले किंवा उलट फारच झोपाळू झाले, तर बालरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने वरचे दूध सुरू करावे लागेल. या वयात वरचे दूध म्हणजे बालकांसाठी तयार केलेला फॉर्म्युलाच. ती बाटली धरत नसेल तर लहान पेल्याने किंवा चमच्याने पाजता येते, आणि त्याची सवय गरज पडण्याआधीच थोडी थोडी लावून ठेवलेली बरी. सहा महिने पूर्ण झाले की पूरक आहार सुरू करण्यात दिरंगाई करू नका.

पाळी न येताच दिवस कसे गेले, असा प्रश्न तुमच्या मनात असेल. पाजण्यामुळे गर्भधारणा टळते त्याला तीन अटी आहेत: पाळी परतलेली नसावी, बाळ केवळ अंगावरच आणि रात्रंदिवस पीत असावे, आणि ते सहा महिन्यांच्या आतील असावे. तिन्ही पाळल्या तर सुमारे ९८ टक्के संरक्षण मिळते, परंतु बाळ रात्री सलग सात-आठ तास झोपू लागले की बीज पक्व होऊ शकते. बीज आधी सुटते आणि पाळी नंतर येते. त्यामुळे पहिल्या पाळीआधीच दिवस राहणे शक्य असते, आणि शेवटच्या पाळीची तारीख नसल्याने प्रसूतीची तारीख तुमच्या सोनोग्राफीवरूनच धरावी लागेल. तो अहवाल जपून ठेवा.

तेरा महिन्यांच्या अंतराने दोघांची आई

तुमचे लिहिणे वाचून मला माझेच दिवस आठवले. माझा मुलगा सहा महिन्यांचा होत असताना मला दिवस गेल्याचे कळले. माझ्या डॉक्टरांनी हरकत घेतली नाही, म्हणून मी पाजत राहिले.

सर्वांत कठीण गेली ती वेदना. वरच्या ताईंनी तिचा उल्लेख केलेला नाही म्हणून लिहिते. तिसऱ्या महिन्यापर्यंत प्रत्येक वेळी तो तोंड लावू लागला की मी श्वास रोखून धरत असे. बाळाने तोंड मोठे उघडून स्तनाचा गडद भाग जास्तीत जास्त आत घेतला तर दुखणे कमी होते, आणि कुशीवर झोपून पाजल्याने पोटावरही भार येत नाही. परंतु त्या वेदनेचे मूळ संप्रेरकांत असल्यामुळे पकड सुधारूनही ती पूर्णपणे जात नाही. त्याहूनही अनपेक्षित होती ती एक तीव्र अस्वस्थता. तो पीत असताना त्याला तत्क्षणी दूर करावे असे वाटे, अंगावर काटा येई, आणि पुढच्याच क्षणी अपराधी वाटून मी रडत असे. असे अनेक जणींना होते हे मला फार उशिरा समजले. ज्या मुलावर माझा जीव आहे त्याच्याविषयी असे का वाटावे, हा प्रश्न मी कोणालाही विचारू शकले नव्हते. तुम्हाला तसे वाटू लागले तर ते तुमच्या मायेचे माप नव्हे, एवढे लक्षात ठेवा. पाजण्याची वेळ थोडी आखडती घ्या आणि तिला जवळ घेण्याचे इतर मार्ग वाढवा.

माझे दूध घटले ते मला समजलेच नाही, आणि हे मी मुद्दाम लिहिते आहे. तो पूर्वीसारखाच पीत होता, माझ्या कुशीत शांत झोपत होता, आणि मी मात्र मळमळ आणि थकव्यात इतकी बुडालेली होते की त्याचे लंगोट पूर्वीइतके ओले होत नाहीत याकडे माझे लक्ष गेले नाही. लसीकरणाच्या वेळी वजन केले तेव्हा दीड महिन्यात ते जेमतेम १५० ग्रॅम वाढले होते. त्याच दिवशी वरचे दूध सुरू केले आणि महिन्याभरात तो सावरला. पुढे तो दिवसातून दोनदा, दुधासाठी कमी आणि जवळिकीसाठी जास्त, माझ्याकडे येत राहिला, आणि सातव्या महिन्यात चव बदलली तेव्हा त्याने स्वतःच तोंड फिरवले. त्यामुळे वजनाचा काटा तुमच्या जाणिवेपेक्षा आधी सांगेल, हे कृपया मनावर घ्या.

स्वतःच्या प्रकृतीची हयगय करू नका. पूर्ण अंगावर पाजणाऱ्या स्त्रीला दिवसाला सुमारे ५०० उष्मांक जास्त लागतात आणि दुसऱ्या तिमाहीपासून गर्भासाठी आणखी तीनशेच्या आसपास लागतात. माझे हिमोग्लोबिन पाचव्या महिन्यात ११ च्या खाली गेले होते आणि मी थकवा बाळांमुळे आहे असे समजून बसले होते. लोह, फॉलिक ॲसिड आणि कॅल्शियमच्या गोळ्या चुकवू नका आणि रक्ततपासणी वेळेवर करा. पहिले मूल अजून पोट भरण्यासाठी तुमच्यावरच विसंबून आहे, आणि पोटातले दुसरेही.

दूध तोडावे लागलेली आई

मला वेगळा अनुभव लिहायचा आहे, कारण कदाचित हा धागा वाचणाऱ्यांपैकी एखादीला माझ्यासारखेच थांबावे लागेल. माझे पहिले बाळ ३३ व्या आठवड्यात जन्मले होते. ते आठ महिन्यांचे असताना मला पुन्हा दिवस गेले, आणि चौदाव्या आठवड्यानंतर पाजताना सुरू होणाऱ्या कळा पाजून झाल्यावरही अर्धा तास थांबत नसत. माझ्या डॉक्टरांनी कारणे समजावून सांगितली आणि मी पाजणे बंद करण्याचे ठरवले. या निर्णयाचा मला आजही पश्चात्ताप नाही, मात्र दुःख झाले होते आणि ते होणे स्वाभाविक आहे.

माझ्या बाबतीत घाई होती तरीही आम्ही एका दिवसात दूध तोडले नाही. दर तीन-चार दिवसांनी एक वेळ कमी केली. दुपारची आधी, कारण तेव्हा तिचे लक्ष सहज दुसरीकडे वळत असे, आणि झोपतानाची सर्वांत शेवटी. जी वेळ कमी होई त्या वेळी तिचे बाबा तिला पेल्याने दूध पाजत आणि मी त्या खोलीत थांबत नसे, कारण माझा वास आला की ती पेल्याला तोंडच लावत नसे. स्तन दगडासारखे झाले तर आराम पडेल इतकेच दूध हाताने काढावे आणि थंड घड्या ठेवाव्यात. ताप आला किंवा एखादा भाग लाल होऊन ठणकू लागला तर लगेच डॉक्टरांना दाखवावे. दूध आटवण्याच्या गोळ्या गरोदरपणी स्वतःच्या मनाने अजिबात घेऊ नयेत. रात्री ती रडली की तिला कडेवर घेऊन मी तासन्‌तास बसत असे. पाजणे थांबले तरी तिला कुशीत घेणे थांबवू नका.

ज्यांचे पहिले बाळंतपण सिझेरियनने झाले आहे आणि लगेचच दिवस गेले आहेत, त्यांनी पाजण्याच्या प्रश्नाआधी गर्भाशयावरील व्रणाबद्दल डॉक्टरांशी बोलावे. दोन प्रसूतींमधील अंतर दीड वर्षापेक्षा कमी असेल तर नैसर्गिक प्रसूतीच्या प्रयत्नात तो व्रण उसवण्याचा धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटना एका बाळंतपणानंतर पुढील गर्भधारणेपूर्वी किमान २४ महिने जाऊ द्यावेत असे सांगते. ज्यांना दिवस गेलेच आहेत त्यांना हे ऐकवून उपयोग नाही, परंतु तपासण्या अधिक नेमाने करण्यासाठी ते माहीत असावे.

प्रश्नकर्ती

आपण तिघींनी इतके मनापासून लिहिले, त्याबद्दल आभार मानायला शब्द अपुरे आहेत. मी दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटले आणि सल्लागार ताईंनी सुचवला तसाच प्रश्न विचारला. त्यांनी पहिल्या बाळंतपणाचे सर्व कागद पाहिले, पुन्हा सोनोग्राफी केली, आणि माझ्या बाबतीत तूर्त पाजणे थांबवण्याचे कारण दिसत नाही असे सांगितले. दर भेटीत गर्भाशयाच्या मुखाची लांबी पाहू, कळा आल्या तर लगेच निर्णय बदलू, आणि मुलीला सहा महिने होताच पूरक आहार सुरू करा, असे त्यांचे म्हणणे आहे. २०१९ च्या अभ्यासाबद्दलही विचारले. तो त्यांना माहीत होता, आणि ठोके दिसल्यानंतरच्या माझ्या स्थितीत केवळ त्याच्या आधारे पाजणे थांबवा असे त्या सांगणार नाहीत, असे त्या म्हणाल्या. बालरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने मुलीला दिवसातून एकदा पेल्याने थोडे वरचे दूध देण्याची सवय लावत आहोत. पहिले चार दिवस तिने सगळे सांडले, काल मात्र बरेच प्यायली. ती खरोखरच रात्री सलग आठ तास झोपत होती. आम्ही त्याचे किती कौतुक करत होतो!

एक शंका राहिली आहे. ती शेवटपर्यंत पीत राहिली तर नव्या बाळासाठी चीक उरेल का?

स्तनपान सल्लागार

उरेल. चीक ही साठवलेली वस्तू नाही की मोठीने पिऊन संपवावी. शरीर तो तयार करत राहते, आणि प्रसूतीनंतर वार पडली की प्रोजेस्टेरॉन एकदम खाली येते आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध भरते, मोठे मूल पीत असले तरीही. मात्र पहिल्या दिवसांत प्रत्येक वेळी नवजात बाळाला आधी पाजावे आणि मोठीला नंतर, कारण पहिल्या दिवशी त्याला एका वेळी जेमतेम काही मिलिलिटरच चीक मिळतो आणि त्यातील रोगप्रतिकारक घटकांची गरज त्याला सर्वाधिक असते. एकीकडचा स्तन एकाला राखून ठेवण्याची गरज नाही, उलट अदलाबदल केलेली चांगली. दूध भरपूर उतरू लागले की मोठीची शी काही दिवस पातळ होईल आणि तिचे वजनही झपाट्याने वाढेल, त्याची काळजी करू नका. प्रसूती होण्याआधी जिथे नाव नोंदवले आहे तेथील परिचारिकांना सांगून ठेवा की घरी आणखी एक पिणारे बाळ आहे, म्हणजे नवजात बाळाचे वजन तपासताना त्या ते लक्षात घेतील.

प्रश्नकर्ती

तसे सांगून ठेवेन. आज मुलीचे वजन केले. मागील पंधरा दिवसांत ते २१० ग्रॅमने वाढले आहे आणि कालपासून सात लंगोट ओले झाले. पुढचे वजन दोन आठवड्यांनी करणार आहे, तेव्हा मला चौदावा आठवडा लागलेला असेल. आकडा इथेच लिहीन.